पांढरी पेशी आणि खुणेची भाषा

'रोगप्रतिकारशक्ती' हा सामासिक शब्द मराठीच्या नित्य व्यवहारात इतका रुळला आहे की, त्याच्या घटकपदांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. स्मरणशक्ती, पचनशक्ती, क्रयशक्ती या शब्दांप्रमाणेच येथेही 'शक्ती' हे उत्तरपद एक विशिष्ट अर्थच्छटा घेऊन येते. शक्ती ही कमीअधिक होणारी, साठविता आणि खर्चिता येणारी गोष्ट होय. रोग झाला म्हणजे शक्ती उणी पडली आणि काढा अथवा चाटण घेतले म्हणजे ती वाढली, असा तर्क मग आपोआपच निघतो. तो काढण्यासाठी शरीरशास्त्राच्या ज्ञानाची गरज उरत नाही, शब्दच ते काम करून टाकतो. मराठी विश्वकोशाने 'रोगप्रतिकारक्षमता' हा शब्द योजला. तो पुष्कळ अधिक नेमका आहे. परंतु बाजारात आणि बोलण्यात शक्तीच टिकून राहिली, क्षमता ग्रंथात राहिली.

कर्करोगावरील पेशी-उपचार मराठीत समजावून देऊ लागताच या शब्दाची अडचण प्रथम जाणवते. कारण या रोगात प्रश्न मुख्यतः शक्तीचा नसून ओळखीचा आहे. रुग्णाच्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या सर्दीच्या विषाणूशी झुंजतात, जखम पिकली तर तेथे धावून जातात. आणि तरीही त्याच रक्तात किंवा शेजारच्या ऊतीत वाढणाऱ्या कर्कपेशीजवळून त्या निमूटपणे निघून जातात. कर्कपेशी ही बाहेरून आलेली नसते. ती त्याच शरीराची, त्याच घराण्याची, बिघडलेली पण घरचाच चेहरा असलेली पेशी असते. तिला परकी कसे मानावे, हा पांढऱ्या पेशीपुढील पेच होय. गेल्या चार दशकांतील संशोधनाने हा पेच सोडविण्याचा जो एक मार्ग काढला, त्याची एक महत्त्वाची शाखा मुंबईत विकसित झाली, म्हणून मराठी अभ्यासकांनी तिचा परिचय करून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम काही संज्ञांचा निर्वाळा करणे इष्ट. 'कर्करोग' हा शब्द आज शुद्ध संस्कृत वाटत असला तरी तो प्राचीन वैद्यकातला नव्हे. सुश्रुतसंहितेत गाठींच्या विकारांना 'ग्रंथि' आणि 'अर्बुद' अशी नावे आहेत. खेकड्याचा संबंध ग्रीक वैद्यकाने जोडला, लॅटिनने तो अनुवादिला आणि मराठीने 'कर्क' शब्द घेऊन त्याचा पुन्हा अनुवाद केला. 'पेशी'ची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. संस्कृतात पेशी म्हणजे मांसाची पेशी. मराठीने हे नाव सजीवाच्या सूक्ष्मतम घटकास दिले आणि मांसपेशीसाठी 'स्नायू' हा शब्द घेतला, जो संस्कृतात बंध किंवा शीर या अर्थाचा होता. हिंदीने 'कोशिका' स्वीकारून हा घोळ टाळला. मराठीत मात्र 'पांढरी पेशी' हाच शब्द सर्वांच्या तोंडी बसला आहे आणि तो बदलण्याचे काही प्रयोजन दिसत नाही. 'लस' या शब्दाचाही असाच प्रवास झाला. जखमेतून पाझरणारा द्रव तो लस. देवीच्या फोडातील द्रव टोचण्याची रीत पडली तेव्हा तोच शब्द प्रतिबंधक औषधाला लागला, आणि त्याच कुळातील 'लसिका' पुढे लसिकापेशींच्या नावात आली. ज्या पेशींविषयी प्रस्तुत लेखात विवेचन आहे त्या मुख्यतः या लसिकापेशीच होत.

पांढऱ्या पेशी ही एक जात नसून अनेक जातींचा समुदाय आहे. काही पेशी दिसेल ते परके गिळंकृत करतात. त्यांचे कार्य रशियन प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ याने १८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून प्रथम पाहिले. काट्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला त्यास दिसला. या भक्षकपेशींच्या सिद्धांताबद्दल त्याला १९०८ मध्ये पॉल एर्लिखसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. मेचनिकॉफचा शिष्य वाल्डेमार हाफकिन हा १८९६ मध्ये प्लेगच्या साथीत मुंबईस आला, जानेवारी १८९७ मध्ये त्याने स्वतः तयार केलेली लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली आणि पुढे त्याची प्रयोगशाळा परळ येथे स्थिरावली. त्याच परळ भागात १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. हा योगायोगच म्हणावयाचा. परंतु पांढऱ्या पेशीच्या अभ्यासाची परंपरा आणि कर्करोगाच्या चिकित्सेची परंपरा एकाच उपनगरात शेजारी नांदत होत्या, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दुसऱ्या प्रकारच्या पेशी गिळत नाहीत, ओळखतात. त्यांपैकी बी-पेशी प्रतिपिंडे तयार करतात आणि टी-पेशी बिघडलेल्या किंवा विषाणूग्रस्त पेशीला भिडून तिचा प्रत्यक्ष नाश करतात. 'टी' हे अक्षर छातीतील थायमस ग्रंथीवरून आले. 'बी' हे पक्ष्यांच्या शरीरातील फॅब्रिशियसच्या पिशवीवरून. माणसाला अशी पिशवी नसते, तरी अक्षर राहिले. संज्ञांच्या इतिहासात अशा अनाथ अक्षरांची उदाहरणे पुष्कळ आढळतात.

टी-पेशीच्या ओळखण्याच्या रीतीला एक कडक नियम आहे. ती दुसऱ्या पेशीकडे थेट पाहत नाही. प्रत्येक पेशी आपल्या आत चाललेल्या व्यवहाराचे नमुने, म्हणजे प्रथिनांचे लहान तुकडे, पृष्ठभागावरील एका विशिष्ट तबकात मांडून दाखविते. टी-पेशी तबक आणि त्यातील तुकडा ही दोन्ही मिळूनच वाचते. तबक नसेल तर तिला वाचता येत नाही. पुष्कळ कर्कपेशी हे तबकच आत ओढून घेतात अथवा त्यात संशयास्पद असे काही ठेवीत नाहीत. शिवाय शरीराने स्वतःविरुद्ध उठू नये म्हणून टी-पेशींवर आवर घालणाऱ्या यंत्रणा असतात. यांपैकी एका जातीच्या आवरणाऱ्या पेशींविषयीच्या संशोधनाला २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आवर घालणाऱ्या काही प्रथिनांचा अडसर औषधाने दूर करता येतो, असे जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांनी दाखविले. त्यांचा गौरव २०१८ मध्ये झाला. अडसर काढणे हा एक उपाय झाला. परंतु जी पेशी वाचूच शकत नाही तिचा अडसर काढून फारसे साधत नाही.

शरीराला कर्करोगाविरुद्ध चेतविण्याची कल्पना मात्र जुनी आहे. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक विल्यम कोली यांनी १८९१ पासून काही रुग्णांना जिवाणू टोचून त्या तापात गाठ विरघळते काय हे पाहण्याचा उद्योग चालविला. त्यांचे परिणाम अनिश्चित होते आणि क्ष-किरणांच्या उदयानंतर ती पद्धत मागे पडली. क्षयाची बीसीजी लस मूत्राशयाच्या कर्करोगात उपयोगी पडते हे १९७६ मध्ये दिसून आले आणि तो उपचार आजही चालू आहे. कोलीच्या कल्पनेचा तो एक टिकाऊ अंश म्हणता येईल. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी बाहेर काढून, त्यांना गाठीतील प्रथिनाचा परिचय करून देऊन परत सोडण्याचा पहिला मान्यताप्राप्त उपचार अमेरिकेत एप्रिल २०१० मध्ये आला. तो पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगासाठी होता आणि त्याचा आधार होता शाखायुक्त पेशींचा. या पेशी स्वतः लढत नाहीत. त्या परक्याचा नमुना उचलून टी-पेशींपुढे धरतात. त्यांचा शोध लावणारे राल्फ स्टाइनमन यांना स्वतःला स्वादुपिंडाचा कर्करोग झाला तेव्हा त्यांनी त्याच तत्त्वावरचे उपचार स्वतःवर करवून घेतले. २०११ चे नोबेल पारितोषिक त्यांना जाहीर झाले, ते त्यांच्या मृत्यूनंतर तीन दिवसांनी.

या सर्व पद्धतींत पांढऱ्या पेशीला शिकविले जाते. तिच्या मूळच्या वाचनरीतीत बदल होत नाही. तो बदल करण्याची कल्पना इस्रायलमधील वाइझमन संस्थेतील झेलिग एशहार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रयोगाने मांडली. बी-पेशीच्या प्रतिपिंडाला तबक लागत नाही. पृष्ठभागावरील खूण ते थेट पकडते. मात्र प्रतिपिंड स्वतः पेशीला मारू शकत नाही. टी-पेशी मारू शकते, पण तिला तबक लागते. मग प्रतिपिंडाचा पकडणारा भाग आणि टी-पेशीचा आज्ञा देणारा भाग एकाच प्रथिनात जोडला तर? असे प्रथिन टी-पेशीच्या पृष्ठभागावर बसविले की तिचा डोळा बी-पेशीचा आणि हात स्वतःचा, असा संकर सिद्ध होतो.

या जोडप्रथिनास 'काइमेरिक अँटिजेन रिसेप्टर' म्हणतात आणि त्याच्या आद्याक्षरांवरून 'कार-टी' हे नाव रूढ झाले. काइमेरा हा ग्रीक पुराणातील सिंह, बोकड आणि सर्प यांचा मिळून झालेला प्राणी. 'संकरित प्रतिजन-ग्राही' असा शब्दशः मराठी पर्याय करता येतो आणि तो चूक नाही. परंतु 'संकरित' म्हटले की संकरित ज्वारीची आठवण होते, आणि तेथे दोन वाणांचे मिश्रण असते, दोन अवयवांची जोडणी नव्हे. महाराष्ट्रातील अनेक किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभाची शिल्पे आहेत. सिंहाच्या अंगाला पक्ष्याचे पंख असलेला आणि कधी पायांखाली हत्ती दाबून धरणारा हा प्राणी काइमेऱ्याचा सहोदर शोभतो. 'शरभ-ग्राही' हा पर्याय परिभाषा समितीच्या गळी उतरणे कठीण. पण अर्थाच्या दृष्टीने तो अधिक जवळचा आहे यात शंका नाही.

एशहार यांची पहिली रचना प्रयोगशाळेत चालली, रुग्णांत टिकली नाही. टी-पेशीला केवळ 'मार' ही आज्ञा पुरत नाही. 'टिकून राहा आणि वाढ' अशी दुसरी आज्ञाही लागते. ती देणारा तुकडा जोडल्यावर पेशी शरीरात महिनोन् महिने जगू लागल्या. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील कार्ल जून यांच्या गटाने २०१० मध्ये रक्ताच्या दीर्घकालीन कर्करोगाच्या तीन रुग्णांवर आणि २०१२ मध्ये सहा वर्षांच्या एका मुलीवर हा उपचार केला. मुलीला अतितीव्र ताप आला, रक्तदाब उतरला, ती मरणाच्या दारी पोहोचली. तिच्या रक्तात एका विशिष्ट संदेशद्रव्याचे प्रमाण अतोनात वाढल्याचे दिसले, आणि ते रोखणारे संधिवातावरील एक औषध दिल्यावर ती सावरली. अमेरिकेत ऑगस्ट २०१७ मध्ये या उपचाराला मान्यता मिळाली. त्याची किंमत ४,७५,००० डॉलर ठेवण्यात आली.

येथे मुंबईचा संबंध येतो. त्याची पार्श्वभूमी बरीच मागे जाते. टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या कमल रणदिवे यांनी याच केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा स्थापिली. ती देशातील पहिली समजली जाते. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी जिवंत ठेवणे आणि वाढविणे ही त्या काळी एक अत्यंत नाजूक कारागिरी होती. आज टी-पेशी बाहेर काढून कोट्यवधी संख्येने वाढविल्या जातात त्याच्या मुळाशी हीच विद्या आहे. रणदिवे यांना १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. केंद्राचा संशोधन विभाग पुढे खारघर येथे गेला. टाटा स्मारक केंद्राचे प्रगत कर्करोग उपचार, संशोधन व शिक्षण केंद्र ते हेच.

पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत राहुल पुरवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हा ग्राही येथेच घडविण्याचे काम हाती घेतले. त्यांत अलका द्विवेदी यांचा वाटा मोठा होता. टाटा स्मारकाच्या बाजूने हसमुख जैन आणि गौरव नरुला हे चिकित्सक त्यात सहभागी झाले. परदेशी उपचारात वापरलेला पकडणारा भाग उंदराच्या प्रतिपिंडापासून घेतलेला होता. मानवी शरीर तो परका म्हणून ओळखू शकते आणि ज्या पेशींवर तो बसविला आहे त्यांनाच बाद करू शकते. मुंबईच्या गटाने त्या भागाची रचना मानवी प्रतिपिंडाशी जुळती करून घेतली. ओळखीच्या शास्त्रात आपणच परके ठरू नये म्हणून घेतलेली ही काळजी होय. जून २०२१ मध्ये खारघरच्या केंद्रात देशातील पहिला कार-टी उपचार एका बालरुग्णावर झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने 'नेक्सकार-१९' या नावाच्या उपचारास मान्यता दिली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवई येथे त्याचे उद्घाटन झाले. बंगळूरुच्या एका संस्थेचा दुसरा भारतीय उपचार जानेवारी २०२५ मध्ये उपलब्ध झाला.

नावातील '१९' हा आकडा सीडी-१९ या खुणेचा आहे. ही खूण बी-पेशींच्या पृष्ठभागावर असते. रोगी बी-पेशीवरही असते आणि निरोगी बी-पेशीवरही. म्हणजे उपचार केलेली टी-पेशी रोगी आणि निरोगी असा भेद करीत नाही. ती सर्वच बी-पेशींचा निःपात करते. तरीही हीच खूण निवडण्याचे कारण असे की बी-पेशींवाचून माणूस जगू शकतो. प्रतिपिंडांचा तुटवडा बाहेरून दिलेल्या प्रतिपिंडांनी भरून काढता येतो. यकृताच्या किंवा फुप्फुसाच्या पेशींवरील खूण निवडली असती तर रोगाबरोबर अवयवही गेला असता. या उपचाराचे यश आणि त्याची मर्यादा ही दोन्ही या एका निवडीत सामावली आहेत.

आणखी एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. बी-पेशी हीदेखील पांढरी पेशीच. रुडॉल्फ फिर्खो याने या जातीच्या रोगाला ग्रीक शब्द जोडून जे नाव दिले त्याचा अर्थच 'पांढरे रक्त' असा होतो. तेव्हा येथे रोग पांढऱ्या पेशीचा आणि वैद्यही पांढरी पेशीच. 'पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक' हे शालेय पाठ्यपुस्तकातील रूपक येथे मोडून पडते. सैनिकाच्या रूपकात शत्रू सीमेपलीकडून येतो आणि लढाई बळाची असते. येथे दोन्ही पक्ष एकाच छावणीतले असून सर्व भिस्त गणवेशावरील एका बिल्ल्यावर आहे, आणि तो बिल्ला वाचण्याचा डोळा बाहेरून बसविलेला आहे.

प्रत्यक्ष प्रक्रिया अशी चालते. रुग्णाचे रक्त यंत्रातून फिरवून त्यातील पांढऱ्या पेशी तेवढ्या वेचून घेतात आणि उरलेले रक्त परत देतात. त्यांतील टी-पेशी वेगळ्या करून त्यांत नव्या ग्राहीची जनुकीय आज्ञा घालावयाची असते. त्यासाठी एड्सच्या विषाणूच्या कुळातील, पण निष्प्रभ केलेला विषाणू वाहक म्हणून वापरतात. पेशीच्या जनुकसंचात शिरून बसण्याची त्याची जी खोड घातक ठरली तीच येथे उपयोगी पडते. हा वाहक आयात करावा लागला तर खर्च फार वाढतो. मुंबईच्या उपचाराची किंमत आटोक्यात राहण्याच्या कारणांत तो येथेच तयार करता आला हे एक प्रमुख कारण आहे. पेशी पुरेशा वाढल्या, तपासून झाल्या की गोठवून रुग्णालयात पाठवितात. दरम्यान रुग्णाला थोडी रसायनचिकित्सा देऊन शरीरातील जुन्या लसिकापेशींची गर्दी कमी करतात, म्हणजे नव्या पेशींना वाढण्यास जागा मिळते. नंतर एका पिशवीतून, सलाइनप्रमाणे, पेशी शिरेत सोडल्या जातात. हे सोडणे काही मिनिटांचे काम असते; त्याआधीची तयारी आठवड्यांची असते. आणि जो रुग्ण तेवढे आठवडे काढू शकत नाही त्याच्यासाठी हा उपचार असून नसल्यासारखाच.

नंतरच्या दिवसांत येणारा ताप हा या उपचाराचा सर्वात गैरसमजाचा भाग आहे. मराठी घरात ताप म्हणजे रोग. तो उतरला की बरे वाटले. येथे ताप हा पेशींनी खूण ओळखली आणि त्या वाढू लागल्या याचा परिणाम असतो. पण तो हाताबाहेर गेला तर प्राणघातक ठरतो. म्हणून रुग्णालयात नजरेखाली राहणे आणि नंतरही काही आठवडे जवळपास मुक्काम करणे आवश्यक असते. नाशिक, धुळे, जळगाव या बाजूच्या कुटुंबांना याचा अर्थ मुंबईत खोली घेऊन राहणे आणि एका कमावत्या माणसाने काम सोडणे असा होतो. हा खर्च उपचाराच्या किमतीत धरला जात नाही.

मुंबईच्या उपचाराचे परिणाम २०२५ मध्ये 'लॅन्सेट हेमॅटॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पहिल्या व दुसऱ्या टप्प्यांत मिळून ६४ रुग्ण घेतले होते. ज्यांचे मूल्यमापन करता आले अशा ५१ जणांपैकी ७३ टक्के रुग्णांत रोग हटला किंवा लक्षणीय मागे गेला. हे सर्व असे रुग्ण होते की ज्यांचा रोग आधीच्या उपचारांना दाद देईनासा झाला होता किंवा उलटला होता, हे ध्यानात घेतल्यास तो आकडा मोठा आहे. चेतासंस्थेवरील दुष्परिणाम परदेशी उपचारांच्या तुलनेत कमी आढळले. तथापि दोन मृत्यू उपचाराच्या परिणामाने झाले, आणि अनेकांत काही महिन्यांनी रोग परतला. किंमत सुमारे ३० लाख रुपये सांगितली गेली. परदेशी उपचाराच्या मानाने ती जवळजवळ दशांश आहे, हे खरे. सामान्य मराठी कुटुंबाच्या दृष्टीने ती घर किंवा जमीन विकण्याएवढी आहे, हेही खरे.

रोग का परततो? कधी बसविलेल्या टी-पेशी थकतात किंवा नाहीशा होतात. कधी मात्र कर्कपेशींपैकी काही जणी सीडी-१९ ही खूणच टाकून देतात. जनुकातील त्या भागात बिघाड झालेली एखादी पेशी वाचली की तिचीच प्रजा माजते आणि टी-पेशी ताज्यातवान्या असूनही त्यांना ती दिसत नाही. येथे 'शक्ती' वाढवून काहीही होणार नाही. दुसरी खूण शोधावी लागते, किंवा एकाच वेळी दोन खुणा वाचणारा ग्राही घडवावा लागतो. त्या दिशेने प्रयत्न चालू आहेत.

वृत्तपत्रांतील मथळ्यांमुळे जी एक मोठी गल्लत होते तिचाही उल्लेख आवश्यक आहे. 'कर्करोगावर स्वदेशी उपचार' असे वाचून तोंडाच्या, स्तनाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण चौकशी करू लागतात. महाराष्ट्रात अधिक आढळणारे रोग हेच; आणि हा उपचार त्यांच्यासाठी नाही. तो बी-पेशींपासून उद्भवणाऱ्या रक्ताच्या व लसिकाग्रंथींच्या काही कर्करोगांपुरता मर्यादित आहे. घट्ट गाठीत टी-पेशींना शिरकाव करणेच अवघड जाते, शिरल्या तरी तेथील परिसर त्यांना निस्तेज करतो, आणि मुख्य म्हणजे, ज्या खुणेचा नाश केला तरी माणूस जगेल अशी सीडी-१९ सारखी खूण अशा गाठींवर सहसा सापडत नाही. मथळ्यात 'काही रक्ताच्या कर्करोगांवर' हे तीन शब्द घालण्यास जागा नसते असे नव्हे.

नाशिकमध्ये याच ओळखीच्या प्रश्नाचा उलट्या बाजूने अभ्यास झाला आहे. दातार कॅन्सर जेनेटिक्स या येथील प्रयोगशाळेने रक्तात भटकणाऱ्या गाठीच्या पेशी शोधण्याची पद्धत विकसित केली. लक्षावधी पांढऱ्या पेशींच्या गर्दीतून मोजक्या कर्कपेशी निवडणे हे तेथील काम. स्तनाचा कर्करोग लवकर ओळखण्यासाठीच्या तिच्या चाचणीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये अग्रक्रमाने परीक्षणाचा दर्जा दिला. हा दर्जा म्हणजे अंतिम मान्यता नव्हे, हा भेदही बातम्यांतून बहुधा निसटतो. कार-टी उपचारात पेशीकडून खूण वाचवून घ्यावयाची. येथे ती यंत्राने वाचावयाची.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून नाशिकला आहे. राज्यातील वैद्यकाचे शिक्षण त्याच्या अखत्यारीत आणि प्रामुख्याने इंग्रजीत चालते. रुग्णाशी बोलणे मात्र मराठीत होते आणि त्यासाठीची परिभाषा कोणी शिकवीत नाही. संमतिपत्रावर सही करणाऱ्या माणसाला 'जनुकीय बदल केलेल्या स्वतःच्या पेशी' या शब्दांतून काय बोध होतो, याची पद्धतशीर पाहणी करणे हा भाषाशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हाती घेता येण्याजोगा विषय आहे. त्याची निकड दाखविण्यास एकच वाक्य पुरे: 'पांढऱ्या पेशी वाढल्या.' तपासणीचा कागद हातात घेऊन नातलग हे वाक्य एकमेकांना सांगतात. रोगाच्या आरंभी त्याचा अर्थ बहुधा रोग बळावला असा असतो. रसायनचिकित्सेनंतर त्याचा अर्थ अस्थिमज्जा सावरली असा. पेशी सोडल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात बसविलेल्या टी-पेशींची संख्या वाढली तर ते औषध लागू पडत असल्याचे चिन्ह होय. आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत निरोगी बी-पेशी रक्तात पुन्हा दिसू लागल्या, तर अहवालातला आकडा सुधारलेला दिसतो, घरात पेढे वाटले जातात. चिकित्सक मात्र चिंतेत पडतो, कारण बी-पेशी परतल्या याचा अर्थ त्यांना टिपणाऱ्या टी-पेशी आता उरलेल्या नाहीत. अशा वेळी कोणत्या पांढऱ्या पेशी, हे त्याला नातलगांना सांगावे लागते, आणि त्यासाठी बी-पेशी व टी-पेशी हे दोन शब्द त्यांना पहिल्याच भेटीत माहीत करून द्यावे लागतात.